न पळण्याचा उन्हाळा

"बूट दाखव! आण भाईर तुझं बूट! उलटं करून तळ बघायचाय मला त्यांचा!"

जोडीदार आमच्या अंगणात उभा राहून ओरडत होता. दिवस उगवायचा होता अजून. त्याच्या आवाजानं आमचं कुत्रं उठलं, त्याच्या भुंकण्यानं शेजारच्या वस्तीवरची चार उठली, आणि खोटं सांगत नाही, निमगाव केतकीपासून पार इंदापूरच्या वेशीपर्यंत त्या पहाटे एकही कुत्रं झोपलेलं राहिलं नसेल. मी दारात उघड्या अंगानं लुंगी सावरत उभा. हा माणूस शाळेपासून माझ्याबरोबर पळत आला होता. दोघंही लांब पल्ल्याचे. दहा हजार मीटर, एकवीस किलोमीटर, जिथं म्हणून माणसाचा जीव नाकात येतो तिथं आम्ही जोडीनं. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्याला आवाज आहे हेच मला त्या दिवशी कळलं.

"लपून पळतूयास तू," तो म्हणाला. "जगाला सांगतूयास इश्रांती, आन् लपून पळतूयास."

आता हे कळायचं तर आमचं पळणं कसं चालायचं ते आधी सांगावं लागेल.

कॅनॉलच्या भरावावरून एक कच्चा रस्ता जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, आणि ऊस संपला की डाळिंबाच्या बागा. पहाटे तो त्याच्या वस्तीवरून निघायचा. मी कॅनॉलवरच्या छोट्या पुलाशी उभा असायचो. तो आला की मी त्याच्या डाव्या बाजूला लागायचो आणि बोलायला सुरुवात करायचो. आमचे सर मूळचे कऱ्हाटीकडचे, फौजेतून आलेले, बारामतीच्या मैदानावर पळणारी पोरं तयार करतात. त्यांचा नियम असा की सरावाचं पळणं बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. इतरांसाठी तो नियम होता, मला ती परवानगी वाटली. जाताना बोलायचो, येताना बोलायचो. माझ्या आज्यानं बिबट्याला शेपटीला धरून उसाच्या फडाबाहेर कसं ओढलं आणि तो बिबट्या लाजून कर्नाटकात कसा निघून गेला, ते मी त्याला सांगितलं. एका शर्यतीत मी इतका पुढं होतो की मागं वळून बघितलं तर कालचा दिवस येताना दिसला, तेही सांगितलं. जोडीदार ऐकायचा. त्याचं हसणं म्हणजे नाकातून सोडलेला एक जादा श्वास. तो एक श्वास ऐकायला मी आदल्या दिवशीपासून गोष्ट घोळवत असायचो. त्याच्याकडून आलेले शब्द म्हणाल तर इतक्या वर्षांतले सगळे मिळून एका एसटीच्या तिकिटामागं बसतील.

आमच्याकडे पळण्याचा हंगाम थंडीत. दिवाळी झाली की शर्यती लागतात आणि शिवरात्रीच्या आगंमागं संपतात. त्या वर्षी शेवटच्या शर्यतीत माझी नडगी दुखायला लागली. सरांनी मैदानावर मला बसवलं आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. मी असा बोंबललो की पलीकडं क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या हातातला झेल सुटला.

"महिनाभर पळायचं नाही," सर म्हणाले. "एक पाऊल नाही. नाहीतर पुढच्या हंगामात तुला खुर्ची टाकून द्यावी लागेल, बघायला." मग ते जोडीदाराकडं वळले. "तूही थांब. तुझं काही दुखत नसलं तरी थांब. अरे, म्हशीला आटवतात की नाही? बारा महिने कोण धार काढतं?"

"व्हय सर," जोडीदार म्हणाला.

सर हे दरवर्षी सगळ्यांना सांगतात आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही. त्याचं कारण आळस नव्हे, त्याच्या उलट आहे. हंगाम संपतो आणि चैत्र उजाडतो. चैत्र उजाडला की गावोगावच्या जत्रा. कुस्त्यांचा फड असतो, तसा पळण्याच्या शर्यतीचाही असतो. बक्षीस म्हणून हंडा, पंखा, कुठं बोकड. ज्या गावच्या जत्रेत तुम्ही मागच्या वर्षी पहिले आलात, त्या गावाला या वर्षी नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्या देवालाच नाही म्हटल्यासारखं. म्हणून आमच्याकडचा पळणारा थंडीत दम कमावतो आणि उन्हात उधळतो.

बारामतीहून परत येताना एसटीत मी जोडीदाराला म्हणालो, "मी थांबतोय महिनाभर. तूबी थांब. दोघं मिळून थांबू."

त्यानं नाकातून एक जादा श्वास सोडला. त्याला ती गोष्ट वाटली.

घरी आम्ही दोघंच, मी आणि आबा. आई जाऊन बराच काळ झाला. आबा म्हणजे माझे वडील, हाडाचे डाळिंबवाले. विश्रांती म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही आणि तिथंच घोटाळा झाला.

डाळिंबाच्या बागेला वर्षातून एकदा ताण देतात. फळ उतरलं की झाडाला दम खाऊ द्यायचा, मग ठिबकचं पाणी तोडायचं. पाणी नाही, खत नाही. झाडं पिवळी पडतात, पानं गळतात, नुसत्या काड्या उरतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, बाग गेली. मग पाणी सोडलं की त्याच काड्या अशा फुटतात की कळी ठेवायला जागा पुरत नाही. आबांची बाग त्या वेळी ताणावरच होती.

"एवढंच व्हय?" आबा म्हणाले. "मग त्याला बारामतीचं सर कशाला पायजेत? मी हाय की. ताणावर सोडतो तुला."

दुसऱ्या दिवसापासून माझं दूध बंद. अंडी बंद. भुईमुगाच्या शेंगा कुलपात. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी अर्धी.

"आबा, भूक लागलीय."

"लागू दे. ताणावरच्या झाडाला कुणी खत घालतं व्हय? पानं झडू देत आधी."

"मला पानं न्हाईत, आबा."

"मग क्यास झडतील. काय तरी झडल्याबिगर ताण बसला म्हनत न्हाईत."

मी असा वाळलो की वारं सुटलं की आबा दोरीवरच्या कपड्यांबरोबर मलाही आत घ्यायचे. शेवटी सरांचा फोन आला, त्यांना मी खरं ते सांगितलं, आणि त्यांचा आवाज फोनमधून निघून ओसरीवर आला. "आबा! पोरगं आहे ते, डाळिंब नाही!"

"सर, झाडातलं मला कळतं. माणसातलं तुमी बघा," आबा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं तांब्याभर दूध आलं. आबा एवढंच म्हणाले, "पाणी सोडलंय."

भूक मिटली. दुसरं जे होतं ते मिटेना.

पहाटे जाग यायचीच. अंगाला सवय. आबा रानात गेलेले असायचे. मी चहा करायचो, प्यायचो, पेला विसळायचो आणि मग बसायचो. थोड्या वेळानं भरावावरून पावलांचा आवाज यायचा. जोडीदाराचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा जरा जड पडतं. हे मला त्याच्या शेजारी इतकी वर्षं पळून कळलं नव्हतं, घरात बसून कळलं. तो पुलाशी यायचा आणि तिथं पावलं मंद व्हायची. पहिले काही दिवस अगदी थांबायचीसुद्धा. मग पुन्हा सुरू व्हायची आणि उसाकडं जात जात बारीक होत संपायची. ती संपली की एवढी शांतता व्हायची की शेजारच्या बागेत पान गळलं तरी मी दचकायचो. यात माझी भर थोडीच आहे.

विश्रांती घ्यावी का, असं मैदानावरची नवी पोरं आता मला विचारतात. घ्यावी. डोळे झाकून घ्यावी. हाड भरतं, स्नायू भरतात, मनाला पुन्हा पळावंसं वाटायला लागतं. पण त्या दिवसांत नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. पळणाऱ्या माणसाला गावात दुसरी ओळख नसते. तो कुणाच्या पारावर बसलेला नसतो, कुणाच्या लग्नात जागलेला नसतो. तो लवकर झोपलेला असतो. माझं तर असं होतं की जोडीदाराशी मी आयुष्यात कधी बसून बोललो नव्हतो. त्याच्या वस्तीवर जायचं मनात आलं, दोनदा निघालोही. पण जाऊन करायचं काय? समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचं? आम्ही एकमेकांचं तोंड नीट बघितलेलं नव्हतं. मला त्याचा उजवा खांदा पाठ होता असं म्हणालात तरी चालेल, कारण बोलताना मान तेवढीच वळते... नाही, चुकलो. डावा. मी त्याच्या डाव्या बाजूला असायचो. बघा, माणूस सुटला की हे असं व्हायला लागतं.

आणि गावाला तर चैन पडेना. पळणारा पळेनासा झाला म्हणजे काहीतरी झालंच असणार. सगळ्यात आधी डेअरीवाल्यानं विचारलं. त्याला मी खरं उत्तर दिलं.

"विश्रांती घेतोय."

"म्हंजी नेमकं काय करतूयास?"

"काही न्हाई."

पाणी घातलेल्या दुधाकडं बघावं तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी मी ठरवलं की खरं हे काही लोकांना द्यायची वस्तू नाही, बिचाऱ्यांना पचत नाही. न्हाव्यानं विचारलं तेव्हा म्हणालो, मला परदेशात पळायला पाठवणार आहेत, तोवर सरांनी पाय सीलबंद केलेत. पारावरच्या म्हाताऱ्यांना म्हणालो, नडगीत तिसरं हाड सापडलंय, ते पिकेपर्यंत थांबायला सांगितलंय. ट्रॅक्टरवाल्यानं रस्त्यात अडवलं. त्याला म्हणालो, भरावावर बिबट्या आलाय. समोरासमोर आम्ही उभे राहिलो, बोलणी झाली, आणि समझोता केला. सकाळ त्याची, संध्याकाळ माझी.

प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणं एकेक गोष्ट दिली. सगळे खूश होऊन गेले. पण निमगावात आठवड्याचा बाजार भरतो हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्या बाजारात माझ्या तिन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्या. कांद्याच्या ढिगाशी सीलबंद पाय, चपलांच्या दुकानाशी तिसरं हाड. दुपारपर्यंत दोन गोष्टी एकमेकींना मारून पडल्या आणि एक उरली, तीही अर्धी. बिबट्या गळाला. संध्याकाळ तेवढी राहिली. जोडीदाराच्या कानावर गेलं ते असं: तो सकाळी तुझ्याबरोबर येत नाही, पण संध्याकाळी पळतो. त्याला नवा जोडीदार मिळालाय म्हणे, बारामतीचा.

तो बारामतीचा कुठून आला ते मला माहीत नाही. तो मी घातलेला नव्हता.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे जोडीदार अंगणात आला होता आणि ओरडत होता.

"आरं, हळू," मी म्हणालो. "आबा आत्ताच रानातनं येऊन पडलेत."

"बूट आन."

बूट पायरीशीच होते. मी आणायच्या आधी त्यानंच एक उचलला आणि उलटा केला. खाली बोटभर ओला काळा चिखल.

"हे काय हाय?"

"चिखल."

"वला चिखल. आन् म्हनं पळत न्हाई."

मी बुटाकडं बघत राहिलो. माझेच बूट. महिना होत आला, मी त्यांत पाय घातला नव्हता. तेवढ्यात मागून आबा आले, डोळे चोळत.

"मी घातलं व्हतं," आबा म्हणाले. "रातीची लाइट हुती, उसाला पाण्याची दारं धराय गेलतो. पडून व्हतं बूट. एवढं चांगलं रबर, नुसतं पडून काय करायचं त्याचं?"

हे अगदी आबांचंच. आमच्या घरात कुठलीही वस्तू रिकामी बसत नाही. जुन्या ठिबकच्या नळीची दावण होते, फाटक्या शेडनेटचा पडदा. बसून राहिलेला मुलगा त्यांनी कसाबसा सोसला होता. बूटसुद्धा बसून राहावेत, हे त्यांच्यानं सोसलं नाही. पण जोडीदारानं आबांच्या पायांकडं बघितलं. त्या पायांत उभ्या आयुष्यात टायरच्या चपलेशिवाय काही शिरलेलं नव्हतं. साऱ्या तालुक्याला हे ठाऊक.

"आबा," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खाली आला होता, "तुमी बी त्याच्यासाठी खोटं बोलाय लागलासा व्हय?"

त्यानं बूट पायरीवर नीट जोडीनं ठेवला आणि गेला. आदळला असता तर मला बरं वाटलं असतं.

न पळणं सिद्ध करून दाखवायचं कसं, हा प्रश्न मी आजवर भल्याभल्यांना घातला आहे. पळण्याला घड्याळ आहे, वेळ आहे, बक्षीस आहे. न पळण्याला साक्षीदार कुठून आणायचा? मी एक उपाय काढला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पुलाच्या कठड्यावर जाऊन बसायला लागलो. पायात चप्पल, अंगावर घोंगडी, हातात चहाचा पेला. माझ्यासारखा बसलेला माणूस त्या भरावानं कधी बघितला नसेल. कठडासुद्धा माझ्या बुडाच्या आकाराचा झाला. जोडीदार यायचा, समोरून जायचा. बघायचा नाही. येताना पुन्हा जायचा. बघायचा नाही. मी पेला उंच करून दाखवायचो, चप्पल हलवायचो. एकदा तर मुद्दाम जांभई दिली, एवढी मोठी की कॅनॉलवरचा बगळा उडाला.

गळालेला बिबट्याही एव्हाना त्याच्या कानावर गेला असावा, कारण एक दिवस तो चाल मंदावून बोलला. पळता पळताच.

"सकाळी बसशीलच की. सकाळ बिबट्याची हाय न्हवं."

मग मी संध्याकाळीही बसलो. डेअरीपुढं खुर्ची टाकून, दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकानं बघावं म्हणून. लोकांनी बघितलं. दोन दिवसांत बातमी आली: दुपारी पळतोय. चैत्राच्या उन्हात, दुपारी! ज्या वेळी सरडासुद्धा पाय उचलून उभा राहतो. तरी लोकांना ते पटलं. मी उगाच बसून आहे, एवढंच कुणाला पटलं नाही.

जत्रा सुरू झाल्या. निरवांगीच्या पलीकडं एका गावची जत्रा होती, दरवर्षी आम्ही दोघं तिथं पळायचो. त्या वर्षी मी बघायला गेलो. पहिल्यांदाच बघायला. गर्दीत उभं राहून शर्यत बघणं म्हणजे स्वतःच्या घराला खिडकीतून बघण्यासारखं असतं. स्पीकरवरचा माणूस ओरडत होता, धूळ उडत होती. जोडीदार पहिला आला. पण मला बघताना कळत होतं. उजवं पाऊल फरफटत होतं. पूर्वी जिथं तो आरामात सुटायचा तिथं खांदे वर घेऊन जात होता. दुसऱ्या नंबरचं पोरगं अगदी मागं होतं म्हणून, नाहीतर गेलीच होती शर्यत. बाकी कुणाला काही दिसलं नाही. त्याला टेबलफॅन मिळाला.

तो फॅन खांद्यावर घेऊन एकटाच स्टँडकडं निघाला. मी मागून गेलो.

"आण, एका बाजूनं धरतो."

"नको."

"उजवा पाय वडतूयास तू. सरांना दाखव."

"तुला बरं दिसतंय सगळं," तो म्हणाला. "बसून."

एसटी एकच होती. तो पुढं बसला, मी मागं. मधल्या जागेत फॅन.

महिना भरला तरी हाड पुरतं भरलं नव्हतं, म्हणून पाडव्यानंतर सरांनी आणखी महिना थांबवून मला विहिरीत पोहायला लावलं होतं. पाय हलतात पण हाडाला धक्का बसत नाही, म्हणून. आमच्या विहिरीत मी इतकं पोहलो की पाणी चार हातांनी वर आलं आणि आबा म्हणाले, जरा कमी पोह, मोटर बुडंल. नडगी दाबली तर आता काही होत नव्हतं. चैत्र सरता सरता सरांनी पुन्हा अंगठा लावला. मी ओरडलो नाही. "जा," सर म्हणाले. "हळूच. आणि त्यालाही माझ्याकडं घेऊन ये. दोन महिने झाले, तोंड दाखवलं नाही त्यानं."

मी त्या दिवशी घरी येऊन बूट घासले. आबांना म्हणालो, उद्यापासून हे माझे.

पहाटे पुलाशी उभा राहिलो. पावलं ऐकू आली. जड, हलकं, जड, हलकं. तो आला, मला बुटांत बघितलं. मी त्याच्या डाव्या बाजूला लागलो. त्यानं मला हटवलं नाही. एवढ्यावरच मी इतका खूश झालो की काही सांगायचं सुचेना. घोळवून आणलेल्या तीन गोष्टी होत्या, त्यातली एकही तोंडात येईना. आम्ही नुसते पळत होतो. ऊस गेला. पाण्यावर उजेड पडायला लागला.

माझे पाय मला ओळखू येत नव्हते. कुणीतरी हरणाचे उसने आणून लावले असावेत. जमिनीला लागायचे ते पुन्हा वर यायला कारणच शोधत होते. मी मुद्दाम मागं धरत होतो, सरांनी हळू सांगितलं होतं. तरी डाळिंबाच्या बागा सुरू झाल्या आणि मी सहज बाजूला बघितलं तर बाजूला कुणी नव्हतं. मागं वळलो. जोडीदार बराच लांब, कमरेवर हात ठेवून चालत होता.

आमच्या एवढ्या वर्षांत तो कधी चालला नव्हता. मी तिथं उभा राहिलो. पुढं जावं की मागं, हे पायांना कळेना, आणि मग मी परत त्याच्याकडं पळत गेलो. तेही चुकलंच, कारण तेवढ्या अंतरातही मी पळालो ते हलकंच पळालो.

तो वाकला होता, गुडघ्यांवर हात. घाम मातीत पडत होता. त्यानं वर बघितलं, आधी माझ्या पायांकडं, मग माझ्या छातीकडं. छाती साधी हलतही नव्हती. मला तेव्हा उमगलं की विश्रांतीनं माझं जेवढं भलं केलं होतं तेवढंच आता माझ्याविरुद्ध उभं होतं. दोन महिने बसलेला माणूस असा पळत नाही. असा पळणारा माणूस बसलेला नसतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

मी खाली उकिडवा बसलो, त्याच्या तोंडाच्या उंचीला. आणि बोललो. त्यात काही मिसळलं नाही, काही वाढवलं नाही. असं बोलताना मला माझा आवाज परक्या माणसाचा वाटत होता.

"सरांनी थांब म्हनून सांगितलं, मी थांबलो," मी म्हणालो. "न्हाई पळालो. सकाळी न्हाई, संध्याकाळी न्हाई. बारामतीचा कुणी न्हाई. त्या बुटाचा चिखल आबांचाच व्हता. हे पाय थांबल्यानं झाल्यात, दुसऱ्या कशानं न्हाई. तुझा पाय दुखतोय, मला त्या जत्रंतच दिसलं. तू बी थांब आता. आपण सरांकडं जाऊ. तू थांबशील तेवढं दिस मी बी पळणार न्हाई. हितं यिऊन बसू दोघं. नुसतं बसू. काय सांगणार न्हाई तुला, गप बसंन."

 तो ताठ झाला, उजवा पाय जरा झटकला आणि माझ्यासाठी न थांबता आपल्या वस्तीकडं चालू लागला.

"असंल," तो म्हणाला.